पाणी कुठलं, फेसवॉश कुठला : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या खेपेच्या पत्रांत तोंड धुण्याचाच विषय जास्त होता, आणि निम्म्याहून अधिक जणांनी सरळ विचारलंय, "कुठल्या कंपनीचा घेऊ?" कंपनीचं नाव आम्ही सांगणार नाही. एकाच कंपनीच्या दोन ट्यूबांत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि तो ट्यूबमागच्या बारीक अक्षरांत छापलेला असतो. ती अक्षरं कशी वाचायची ते सांगतो. शिवाय अथणीपासून खानापूरपर्यंत पसरलेल्या आपल्या बेळगाव भागात त्वचेइतकंच नळाला काय येतं तेही बघावं लागतं.

"पुण्याला नणंदेकडं महिनाभर होते तेव्हा तिचाच फेसवॉश वापरला, छान वाटला. म्हणून तोच आणला. इथं धुतल्यावर तोंड ओढल्यासारखं होतंय बघा, गालावर पांढरट काहीतरी राहतंय. आमच्याकडं बोअरचं पाणी आहे. माल डुप्लिकेट तर नसेल?" (शिक्षिका, अथणी)

माल बहुतेक खराच असेल, बदललंय ते पाणी. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की साबणाशी त्यांचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट थर तयार होतो. बादलीच्या आतून राखाडी वर्तुळ धरतं ते हेच. तोच थर गालावर बसतो. तो निघावा म्हणून आपण आणखी फेसवॉश घेतो, आणखी घासतो, आणि त्वचेचं स्वतःचं तेल तेवढं निघून जातं. ओढल्यासारखं वाटतं ते त्यामुळं.

"पण मी साबण कुठं लावते, फेसवॉश लावते," असं तुम्ही म्हणाल. ट्यूब उलटी करून घटकांची यादी वाचा. मायरिस्टिक ॲसिड, लॉरिक ॲसिड, स्टिअरिक ॲसिड ही नावं वरच्या पाच-सहांत असतील आणि जवळच पोटॅशियम हायड्रॉक्साइड लिहिलेलं असेल, तर तो ट्यूबमध्ये भरलेला साबणच आहे. भरघोस, दाट, मलईसारखा फेस देणारे बरेच फेसवॉश या जातीचे असतात. सौम्य, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यात ते चालून जातात. जड, म्हणजे जास्त क्षारांच्या पाण्यात त्यांचं आणि वडीच्या साबणाचं एकच होतं.

पाणी तपासायला प्रयोगशाळा नको. दोन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत बोअरचं आणि एकीत क्षार काढणाऱ्या आरओ फिल्टरचं पाणी अर्ध्यापर्यंत भरा. दोन्हींत अंघोळीच्या साबणाचे नखाएवढे चार-पाच पातळ काप टाकून पंधरा-वीस वेळा जोरात हलवा. जिथं फेस वर टिकतो आणि खालचं पाणी बऱ्यापैकी नितळ राहतं ते पाणी सौम्य. फेस धरत नाही आणि पाणी दुधासारखं गढूळ होतं ते जड. भांडी घासायचं लिक्विड यासाठी घेऊ नका. ते साबण नसतं, त्यामुळं फसवा निकाल देतं.

उपाय दोन आहेत, आणि दोन्ही एकदम करा. साबणरहित क्लेन्झर (साबण नसलेला फेसवॉश) घ्या. त्याच्या यादीत कोकामिडोप्रोपिल बीटेन, सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट किंवा डेसिल ग्लुकोसाइड यांपैकी काहीतरी वर दिसेल. हे घटक जड पाण्यातल्या क्षारांशी तसा थर करत नाहीत. आणि शेवटचं धुणं एका तांब्याभर आरओ फिल्टरच्या पाण्यानं करा, तेवढं पुरतं. पाणी उकळून गार केलं तर क्षारांचा काही भाग भांड्याच्या तळाला पांढरा धरतो आणि पाणी थोडं सुधारतं, पण सगळेच क्षार उकळून जात नाहीत. तुरटीचा इथं उपयोग नाही. तुरटीनं गाळ खाली बसतो, जडपणा तसाच राहतो.

"माझी त्वचा तेलकट आहे की कोरडी, तेच कळत नाही. कपाळ चकाकतं आणि गाल सोलतात. दुकानात गेलं की वीस प्रकार दाखवतात. आणि धुवायचंही काही तंत्र असतं का?" (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, टिळकवाडी, बेळगाव)

तंत्र असतं, आणि ट्यूबच्या किमतीपेक्षा त्याचा फरक जास्त पडतो. आधी त्वचा ओळखू. संध्याकाळी सौम्य क्लेन्झरनं तोंड धुऊन टिपून घे आणि एक तास काहीही लावू नकोस. मग पातळ टिश्यूचे तुकडे कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गालांवर दाबून उजेडात धर. सगळीकडे तेलाचे डाग आले तर त्वचा तेलकट. कुठंच नाहीत आणि गाल ताणल्यासारखे वाटतात, तर कोरडी. कपाळ-नाक तेलकट आणि गाल कोरडे असतील तर मिश्र, आणि तुझं वर्णन तेच सांगतंय. हीच परीक्षा एकदा मेमध्ये आणि एकदा डिसेंबरात कर. बेळगावच्या कोरड्या थंडीत उन्हाळ्यातली तेलकट त्वचाही सोलते, आणि मुली घाबरून फेसवॉशऐवजी सगळंच बदलून टाकतात.

तेलकट त्वचेला पारदर्शक जेल. कोरडीला कमी फेसाचं, दुधट लोशनसारखं क्लेन्झर, ज्यात ग्लिसरीन वर असेल. सेरामाइड (त्वचेत मुळातच असणारा स्निग्ध घटक) असलं तर उत्तम. मिश्र त्वचेला सौम्य जेल पुरे, मात्र ते कपाळ-नाकावर आधी लावायचं आणि गालांवर शेवटच्या दहा सेकंदांत फिरवायचं. दोन वेगळे फेसवॉश घेऊ नकोस. लगेच लाली येणाऱ्या, चुरचुरणाऱ्या त्वचेसाठी सुगंध नसलेलं घ्यायचं. मागे 'परफ्यूम' किंवा 'फ्रेग्रन्स' छापलेलं असेल तर खाली ठेवायचं, पुढं 'नॅचरल' लिहिलेलं असलं तरी. सोडियम लॉरिल सल्फेट हा घटक यादीत दुसरा-तिसरा असेल तर कोरड्या आणि नाजूक त्वचेनं लांब राहावं. सोडियम लॉरेथ सल्फेट नावानं जवळचं, पण त्यापेक्षा सौम्य असतं. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं छापतात. अगदी थोड्या प्रमाणातल्यांना तो नियम नसतो. म्हणून पुढं मोठ्या अक्षरांत 'केशर' असलं आणि यादीत ते सर्वांत शेवटी सापडलं, तर तू पैसे कशाचे देते आहेस ते तुझं तू ठरव. रंग उजळण्याचं वचन देणारा फेसवॉशही असाच. मिनिटभर लावून धुऊन टाकायच्या वस्तूनं रंग बदलत नाही. मळ आणि तेल निघाल्यावर जेवढा तजेला दिसतो तेवढाच खरा.

आता धुणं. आधी हात धुवायचे. चेहरा कोमट पाण्यानं ओला करायचा, कडकडीत पाण्यानं नाही. गरम पाणी तेल जास्त ओढून नेतं. काबुली चण्याएवढं जेल ओल्या तळहातावर चोळून मग चेहऱ्यावर घ्यायचं. कोरड्या गालावर थेट ट्यूब पिळली की एकाच जागी तीव्र द्रावण बसतं आणि तिथं आग होते. बोटांच्या पेरांनी कपाळ, नाकाच्या पाळ्या, हनुवटी, जबड्याची कड, गळा असं चाळीस ते साठ सेकंद हलकं फिरवायचं. बहुतेक जण दहा सेकंदांत उरकतात आणि मग "याचा गुण नाही" म्हणतात. मग आठ-दहा ओंजळी पाणी. केसांच्या कडेला, भुवयांत आणि कानासमोर फेस राहतो आणि तिथंच बारीक पुरळ येतं, म्हणून तिथं दोन ओंजळी जास्त. स्वच्छ सुती पंचानं टिपायचं, पुसायचं नाही. घरातला सगळ्यांचा मिळून एक टॉवेल यासाठी नको. त्वचा किंचित ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत मॉइश्चरायझर. दिवसातून दोनदा, सकाळी आणि रात्री झोपताना. गाल फारच सोलत असतील तेव्हा सकाळी नुसतं पाणी चालतं.

नवी ट्यूब थेट तोंडाला लावू नकोस. तीन दिवस रोज एकदा कानामागे थेंबभर, मिनिटभर ठेवून धू. खाज, लाली नाही आली तर पुढं जा.

"उद्यमबागला फाउंड्रीत काम करतो. सुट्टी झाल्यावर तोंड काळं कुळकुळीत असतं. साबणानं निघत नाही म्हणून काही जण कपडे धुवायची पावडर नाहीतर रॉकेल लावतात. मी पावडर लावतो, पण आता तोंडाची आग होतंय. काय करूया?" (कामगार, मजगाव)

पावडर आजपासून बंद. तिच्यात धुण्याचा सोडा असतो. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू (पीएच) पाचच्या आसपास, आणि पावडरचं पाणी दहाच्या वर जातं. रॉकेल आणि थिनर तर त्वचेचं तेलच विरघळवतात. एकदा भेगा पडल्या की काळं आणखी आत बसतं.

तोंडावर नेमकं काय बसलंय ते बघा. मोल्डिंगच्या (साचे करायच्या) वाळूत सिलिका, बेंटोनाइट माती आणि कोळशाची भुकटी असते. काळा रंग कोळशाचा आणि खरखर वाळूची. म्हणजे हात लावून घासलं की तुम्ही स्वतःच्या तोंडावर पॉलिश पेपर फिरवता. म्हणून आधी न चोळता पाणी मारा: डोळे मिटून, मान वाकवून, दहा-बारा ओंजळी. सुटी वाळू तेवढ्यानंच उतरते. मग कोरडं टिपून, ग्रीस-ऑइल लागलेलं असेल तिथं अर्धा चमचा साधं खनिज तेल, म्हणजे लहान मुलांना लावायचं बेबी ऑइल, मिनिटभर हलकं फिरवा. काजळी त्यात सुटते. मऊ कापडानं टिपून घ्या आणि नंतर साबणरहित जेल दोनदा लावा, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट. नाकाच्या बाजूला थोडं काळं राहिलं तर राहू द्या, दुसऱ्या दिवशी निघतं.

कामाला जाताना चेहऱ्यावर मॉइश्चरायझरचा पातळ हात मारला तर भुकटी कमी चिकटते आणि लवकर सुटते. कॉम्प्रेसरच्या हवेनं तोंड झाडायची सवय काहींना असते, ती डोळ्याला घातक आहे. आणि विषय तोंडाचा असला तरी सांगतो: हीच सिलिका फुप्फुसात जाते, ती कुठल्याही फेसवॉशनं निघत नाही. रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क लागतो.

"मुलगा चौदा वर्षांचा. तोंडभर पुटकुळ्या. दिवसातून पाच वेळा जंतुनाशक साबणानं तोंड धुतोय, तरी वाढतच आहेत. साबण बदलू का?" (आई, चिक्कोडी)

पाच वेळा धुणं आधी थांबवा. मुरुमं मळानं होत नाहीत. या वयात तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, रंध्राचं तोंड मृत पेशींनी बुजतं आणि आत सूज धरते. वरून कितीही घासलं तरी आतलं बूच निघत नाही. उलट त्वचा सोलवटते आणि मुरुमाचं औषध सोसण्याची तिची ताकद जाते. आपल्या गव्हाळ-सावळ्या वर्णात प्रत्येक घासलेल्या, फोडलेल्या पुटकुळीमागे काळा डाग राहतो आणि तो महिनोन् महिने जात नाही. मुलाला हेच सांगा, 'धू नको' म्हटलेलं पोरं ऐकत नाहीत, डागाचं ऐकतात.

साबणाच्या वेष्टणावर टीएफएम ७६ टक्के, ग्रेड १ असं छापलेलं बघून तो तोंडाला सौम्य असेल असं समजू नका. तो आकडा साबणात स्निग्धाम्लं किती ते सांगतो. सामू नऊ-दहाच राहतो.

काय घ्यायचं: सॅलिसिलिक ॲसिड १ ते २ टक्के असलेलं जेल क्लेन्झर. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, म्हणून रंध्रात शिरून बूच सैल करतं. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड रात्री, मग सोसलं तर रोज रात्री. एक मिनिट ठेवून धुवायचं. सकाळी साधं सौम्य क्लेन्झर. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर हे वापरायचं नाही. लाल, पिकलेल्या पुटकुळ्या जास्त असतील तर बेंझॉइल पेरॉक्साइडचं २.५ टक्क्यांचं वॉश उपयोगी पडतं. एक-दोन मिनिटं ठेवून पूर्ण धुवायचं. त्यानं टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढरा पडतो, तेव्हा पांढराच टॉवेल द्या. दोन्ही एकदम सुरू करू नका. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि पंधराव्या दिवशी ट्यूब बदलणारे बारा महिने ट्यूबच बदलत राहतात.

कपाळावरच जास्त असतील तर डोक्याचं तेल बघा. खोबरेल कपाळावर ओघळतं आणि रंध्रं बुजवतं. तेल रात्री लावून सकाळी केस धुवा, उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला. कठीण, दुखऱ्या गाठी असतील किंवा खड्डे पडू लागले असतील तर क्लेन्झरवर वेळ घालवू नका. त्वचारोगतज्ज्ञाकडं न्या, खड्डे नंतर आपोआप भरत नाहीत.

"तंबाखूच्या वखारीत काम करते. भुकटीनं तोंड आणि डोळे चुरचुरतात." (निपाणी)

तोंडाच्या आधी हात. कोपरापर्यंत साबणानं धुतल्याशिवाय चेहऱ्याला हात लावायचा नाही, नाहीतर बोटांवरचा तंबाखू डोळ्यात जातो. डोळ्यांत फक्त स्वच्छ पाणी, भरपूर. चेहऱ्याला सुगंधरहित सौम्य क्लेन्झर, घरी गेल्यावर एकदा. स्कार्फ रोज धुवायचा. कालची भुकटी आज पुन्हा गालावर घासली जाते.

"आजी म्हणते फेसवॉश कशाला, बेसन-हळद लाव. आणि चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेहून आलं की भंडारा आठवडाभर तोंडावरून जात नाही, त्याला काय?" (रायबाग)

बेसन वाईट नाही. ते तेल शोषतं आणि चोळलं की मळ निघतो, पण चोळण्यामुळं. म्हणून तेलकट, मुरुमं नसलेल्या त्वचेला आठवड्यातून एकदा चालतं: दोन चमचे बारीक चाळलेलं बेसन दह्यात किंवा दुधात पातळ कालवून, वाळून कडक व्हायच्या आत धुवायचं. वाळलेलं खरवडून काढतात तिथं बिघडतं. मुलतानी मातीचंही तेच. कोरड्या त्वचेला ती नकोच. लिंबू आणि खाण्याचा सोडा चेहऱ्यापासून लांब ठेवा. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यावर त्वचा भाजल्यासारखे काळे चट्टे उठू शकतात.

भंडाऱ्याचं मात्र आजीला विचारलंत तरी बरोबर उत्तर मिळेल: आधी तेल. हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. साबण लावला तर त्यातल्या अल्कलीमुळं तो उलट लालसर होतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. तेव्हा कोरड्या चेहऱ्यावर चमचाभर तेल घेऊन दोन मिनिटं फिरवा, कापसानं टिपा, मग साबणरहित क्लेन्झर. उरलेला पिवळेपणा उजेडानं दोन-तीन दिवसांत फिका पडतो. खाज किंवा पुरळ आलं तर तो भंडारा शुद्ध हळदीचा नसावा. मग तेल चोळत बसू नका, भरपूर पाण्यानं धुऊन टाका.

"कुठलाही फेसवॉश लावला की तोंड लालबुंद होतंय. वांगासाठी मेडिकलमधून एक क्रीम आणलं होतं, सात-आठ महिने लावते. ते बंद केलं की आणखी आग होते." (हुक्केरी)

फेसवॉशला दोष देण्याआधी क्रीमची ट्यूब बघा. नावात किंवा घटकांत क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही आहे का? ही स्टेरॉइडं. पहिल्या महिन्यात चेहरा उजळ आणि गुळगुळीत दिसतो, मग त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, लव वाढते, पुटकुळ्या येतात. बंद केलं की आग भडकते, म्हणून माणूस पुन्हा लावतो. अशी क्रीमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसतात, तरी काउंटरवर सर्रास मिळतात.

स्वतःहून एकदम तोडू नका आणि डॉक्टरांना न दाखवता चालूही ठेवू नका. ट्यूब बरोबर घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडं जा. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, हा विभाग आहे. तोवर सॅलिसिलिक, व्हिटॅमिन सी, स्क्रब काहीही नको. सकाळी गार-कोमट पाणी, रात्री फेस न होणारं सुगंधरहित लोशन क्लेन्झर आणि वर साधं मॉइश्चरायझर. ऊन टाळा.

"खानापूरला चार महिने पाऊस. पावसाळ्यात फेसवॉश बदलायचा का?" (खानापूर)

गरज नाही. दमट हवेत तेलकट वाटलं तर लोशनऐवजी जेल घ्या, बस. न वाळलेला टॉवेल आणि ओला मास्क-स्कार्फ यांनी मात्र बुरशीचे बारीक, खाजरे, एकसारख्या आकाराचे दाणे येतात. ते मुरुमं समजून सॅलिसिलिक लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

"मी फिरतीवर असतो, दिवसभर बाइकवर. सनस्क्रीन लावतो. ते काढायला दोन वेळा धुवावं लागतं म्हणतात, खरं काय?" (औषध प्रतिनिधी, संकेश्वर)

साधं सनस्क्रीन एका नीट, मिनिटभराच्या धुण्यात निघतं. 'वॉटर रेझिस्टंट' असेल तर आधी मायसेलर वॉटर (पाण्यासारखं पातळ क्लेन्झर) कापसावर घेऊन टिपा किंवा क्लेन्झिंग बाम (मलमासारखं तेलकट क्लेन्झर) कोरड्या चेहऱ्यावर फिरवा, मग जेल. मायसेलर वॉटर लावून तसंच झोपू नका, त्यातले धुण्याचे घटक त्वचेवर राहतात. दाढी करायची असेल तर आधी तोंड धुवा, केस मऊ पडतात. दाढीनंतर लगेच सॅलिसिलिक लावू नका.

"१०० मिलीची ट्यूब किती दिवस पुरायला हवी? आमच्याकडं शेवटी थोडं पाणी घालून हलवून वापरतात." (गृहिणी, शहापूर, बेळगाव)

एका वेळी साधारण एक मिली, दिवसातून दोनदा, म्हणजे एकाला पन्नास दिवस. तीन आठवड्यांत संपत असेल तर जास्त पिळताय. सहा महिने पुरत असेल तर कमी पडतंय किंवा रोज धुतलं जात नाही. ट्यूबवर उघड्या डबीचं चित्र आणि '१२ एम' असेल तर उघडल्यापासून बारा महिने. पाणी घालणं सोडा. त्यानं जंतू रोखणारा घटक पातळ होतो आणि बाथरूमच्या दमट, उबदार हवेत आत जंतू वाढतात. शेवटचं काढायचं असेल तर ट्यूब उलटी उभी करून ठेवा किंवा मधून कापा, आणि कापलेली दोन-तीन दिवसांत संपवा.